ढोबळीच्या शेजारी कोणाला बसवायचं?

पत्र असं आलंय:

मावशी नमस्कार, आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याकडे राहतो. रो हाऊसच्या मागे थोडी जागा आहे, त्यात 4 बाय 8 फुटाचा एक वाफा केलाय, बाकी जागेत कपडे वाळत घालतो. गेल्या वर्षी त्याच वाफ्यात टोमॅटो आणि वांगी लावली होती, बरी आली. यंदा मुलाला पिझ्झावर घरची ढोबळी मिरची पाहिजे म्हणून घटस्थापनेच्या आसपास नर्सरीतून 11 रोपं आणली. मोबाईलवर कंपॅनियन प्लांटिंगचे, म्हणजे पिकाशेजारी सोबतीची झाडं लावायचे व्हिडिओ बघितले आणि ढोबळीचे मित्र म्हणून त्यात जे जे सांगितलं ते सगळं लावून टाकलं, कांदा, लसूण, तुळस, झेंडू, पुदिना, गाजर, पालक, बडीशेप, दोन टोमॅटो, आणि कडेला लवंगी मिरची. आता दिवाळी झाली तरी ढोबळी शोधावी लागते इतकी दाटी झालीये. पानं आकसलीत, फुलं येतात आणि गळतात, आत्तापर्यंत एकच मिरची लागली ती पण लिंबाएवढी. सासूबाई म्हणतात नजर लागली. सासरे रोज सकाळी तंबाखू मळत मळत वाफ्याशी उभे राहतात, एखादं पान उलटंपालटं करतात आणि म्हणतात लवंगीमुळे तुझी ढोबळी तिखट होणार, उपटून टाक. नवरा काहीच म्हणत नाही, फक्त हसतो, त्याचा जास्त राग येतो. माझं काय चुकलं?

— मित्रांच्या गर्दीत हरवलेली

अगं बाई, तू ढोबळीला मित्र दिलेस का वऱ्हाड दिलंस?

आधी हिशोब बघ. तुझा वाफा 32 चौरस फुटाचा. ढोबळीच्या एका झाडाला दीड बाय दीड फूट जागा लागते, म्हणजे सव्वादोन चौरस फूट एकीला, 11 जणींना जवळपास 25. उरले 7. त्या 7 फुटांत तू दहा प्रकारची मंडळी बसवलीस आणि वर पुदिना! पुदिना म्हणजे एस्टीत चढलेला तो माणूस, आधी म्हणतो जरा सरका आणि नाशिकरोड येईपर्यंत अख्खं बाक त्याचं झालेलं असतं. तेव्हा तुझी पहिली चूक मित्र निवडण्यात नाहीये, गर्दीत आहे. दाटी झाली की खालच्या पानांना ऊन नाही, वारा खेळत नाही, पानांच्या मागच्या बाजूला काय चाललंय ते दिसत नाही आणि औषध मारायचं म्हटलं तरी तिथपर्यंत पोचत नाही.

आता त्या व्हिडिओतल्या लिस्टबद्दल. अशा लिस्टमध्ये खूप सरमिसळ असते. काही गोष्टी शेतात वर्षानुवर्षं करून बघितलेल्या असतात, काही एखाद्या प्रयोगातल्या असतात आणि बऱ्याचशा एकाने लिहिल्या म्हणून दुसऱ्याने लिहिलेल्या. शिवाय त्या लिस्ट बहुतेक थंड देशातल्या, तिथे ढोबळी उन्हाळ्यात लावतात, आपल्याकडे नाशिकला ती पावसाळा सरता सरता लावायची, त्यामुळे तिथले सोबती इथे त्याच महिन्यात असतीलच असं नाही. आणि हे काही परदेशातून आलेलं नवं शास्त्र पण नाहीये हं. आपल्याकडे बाजरीत तूर, मटकी टाकायची पद्धत जुनीच आहे. आंतरपीक म्हण, सापळा पीक म्हण, शब्द आपलेच आहेत. फक्त शेतकरी एका पिकासोबत एकदोनच सोबती घेतो आणि प्रत्येकाला काम नेमून देतो. तू अख्खी गल्ली बोलावलीस आणि काम कोणालाच दिलं नाहीस.

सगळ्यात महत्त्वाचं सांगते, सोबती शोधायच्या आधी भावकी ओळख. ढोबळी, लवंगी, टोमॅटो, वांगं, बटाटा, तंबाखू ही सगळी एकाच घराण्यातली. भावकीत जसं एकाचं भांडण सगळ्यांच्या दारात येतं तसं यांचं असतं, एकाची कीड ती सगळ्यांची कीड, एकाचा रोग तो सगळ्यांचा रोग. तू गेल्या वर्षी त्याच मातीत टोमॅटो-वांगी घेतलीस, यंदा ढोबळी, आणि मध्ये परत दोन टोमॅटो. म्हणजे मातीतल्या सूत्रकृमींना, मुळांत घुसणाऱ्या त्या बारीक जंतांना, आणि मर रोगाला तू वर्षभर डबा पुरवलास. एका जागी या घराण्यातलं पीक आलं की पुढची 3 वर्षं तिथे दुसरं काहीतरी घ्यायचं, एवढा एक नियम पाळलास ना तर लिस्टमधले निम्मे मित्र नसले तरी चालतील. 32 फुटांत हे कसं जमवायचं असं म्हणशील, तर ढोबळी पुढच्या वर्षी मोठ्या ग्रो बॅगमध्ये नव्या मातीत लाव आणि वाफ्यात पालेभाज्या, घेवडा, काकडी, काय हवं ते.

ते दोन टोमॅटो आजच काढ. फळं लागली असतील तर जीव तुटेल, पण काढ. आणि एक, एखादं झाड पानं हिरवीगार असताना अचानक दुपारी मान टाकायला लागलं आणि संध्याकाळी पाणी दिलं तरी उठलं नाही, तर ते उपटून बुडाशी दांडा तिरका काप आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात नुसतं टोक बुडेल असं धरून ठेव. काही मिनिटांत कापलेल्या जागेतून दुधासारखी धार खाली उतरताना दिसली तर तो जिवाणूंचा मर रोग. मग त्या मातीत या घराण्यातलं काही लावायचं नावच काढायचं नाही, आणि ते खुरपं पण धुवून घ्यायचं.

तंबाखूचं हसू नकोस. तंबाखूच्या पानात एक विषाणू असू शकतो, पानं चितकबरी करणारा, आणि तो इतका चिवट की वाळवलेल्या तंबाखूत पण जिवंत राहतो, तंबाखू मळलेल्या हाताने मिरचीचं पान चुरगाळलं किंवा शेंडा खुडला की तो झाडात शिरू शकतो. सासऱ्यांना झाडांजवळ येऊ नका असं कोण सांगणार, मी पण सांगू शकले नसते. माझ्या सासऱ्यांना मी एवढंच म्हटलं होतं की हे साबण आणि मग्गा नळावर ठेवलाय, आधी हात आणि मग झाडं. पहिल्या दिवशी त्यांचं तोंड उतरलं आणि आठवड्याभरात ते दुसऱ्यांना हात धुवायला सांगायला लागले.

आता आकसलेल्या पानांकडे ये. याला आपल्याकडे चुरडामुरडा म्हणतात, बोकड्या पण म्हणतात, पण नाव एक असलं तरी कारणं तीन, आणि कारण ओळखल्याशिवाय काही मारायचं नाही. सकाळी चष्मा लावून बस. पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून होडीसारखा आकार झालाय का? मग थ्रिप्स, म्हणजे फुलकिडे. कडा खाली वळल्यात, उलटी होडी, मागची बाजू तांबूस आणि चकचकीत, देठ उगाच लांबलेला? मग कोळी, म्हणजे माईट्स, नुसत्या डोळ्यांना ते दिसत पण नाहीत. आणि पानं बारीक होऊन शेंड्याला झुपका झालाय, हिरवे-पिवळे डाग पडलेत, तर तो विषाणू, जो पांढरी माशी किंवा मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, आणून टाकतात. थ्रिप्सची खात्री करायला पांढरा कागद शेंड्याखाली धरून दोन टिचक्या मार. कागदावर पिवळसर, जेमतेम मिलिमीटरभर लांबीचे तुकडे पडतील आणि क्षणभराने त्यातले काही चालायला लागतील. पहिल्यांदा बघितलं ना की अंगावर काटा येतो.

झेंडूबद्दल मी स्वतः तोंडघशी पडलेय म्हणून जरा जास्त लिहिते. कोणत्याही लिस्टमध्ये पहिलं नाव झेंडूचं असतं. मी पण काही वर्षांपूर्वी ढोबळीच्या दर दोन झाडांमध्ये एक एक झेंडू लावला होता, तोच मोठा गोंड्याचा, दसऱ्याला गोदाकाठी ढीग लागतात तो. डोक्यात असं की दसऱ्याला तोरण पण होईल आणि कीड पण पळेल. तोरण झालं. पण झेंडू कमरेएवढा वाढला, ढोबळी त्याच्या सावलीत गेली, पाऊस थांबून ऊन पडलं तशी झेंडूवर लाल कोळी आली, बारीक जाळी धरली आणि तिथून ती सरळ ढोबळीवर उतरली. कीड पळवायला ठेवलेला माणूसच कीड घेऊन आला म्हण ना.

मग झेंडू खोटा आहे का? नाही. त्याची दोन कामं खरी आहेत, फक्त ती ज्या पद्धतीने होतात तसं आपण करत नाही. एक म्हणजे टोमॅटोत सापळा म्हणून. दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे टोमॅटोच्या शेतात झेंडूची ओळ दिसते ती शोभेसाठी नसते. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूच्या कळ्याफुलांवर अंडी घालणं पसंत करतो. शिफारस अशी आहे की टोमॅटोच्या 16 ओळींमागे झेंडूची 1 ओळ, आणि टोमॅटोचं रोप 25 दिवसांचं असेल तर झेंडूचं 40-45 दिवसांचं, म्हणजे दोघांना फुलं एकाच वेळी येतात. आणि ती अळ्या लागलेली फुलं तोडून नष्ट करायची असतात, नाहीतर तो सापळा राहत नाही, पाळणाघर होतं. दुसरं काम सूत्रकृमींचं. झेंडूच्या मुळातल्या एका द्रव्याने सूत्रकृमी मरतात हे खरं आहे, पण त्यासाठी झेंडू आधी लावावा लागतो, मिरचीच्या सोबत नाही. अख्खा वाफा दाट झेंडूने भरायचा, दोनेक महिने ठेवायचा आणि मग तिथेच मातीत गाडायचा. वाफ्यात एक झेंडू कोपऱ्यात उभा करून काही होत नाही. तुझ्या वाफ्याला हे करण्यासारखं आहे. आधी एक ढोबळीचं मरतुकडं झाड उपटून मुळं धुवून बघ, मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर येत्या पावसाळ्यात वाफा झेंडूला दे. चवळी-मेथीच्या मुळांवर पण गाठी असतात, त्या नत्राच्या, नखाने सहज सुटतात. सूत्रकृमीची गाठ सुटत नाही, मूळच सुजलेलं असतं.

कांदा-लसणीचं पण असंच. उग्र वासाने कीड गोंधळते म्हणतात, थोडंफार होत पण असेल. पण आपण नाशिकमध्ये राहतो गं, इथे चहूबाजूंनी कांदाच कांदा, आणि कांद्यावर सगळ्यात जास्त काय असतं, तर थ्रिप्स! कांद्याची पात पांढरट होते ना ती त्यांचीच करणी. कांद्यावरचे थ्रिप्स कांदा पिकून पात वाळली की दुसरं हिरवं शोधत निघतात. म्हणून मी ढोबळीच्या वाफ्यात कांदा पातीसाठी लावते, हिरवी असतानाच उपटून पिठल्यात घालते, गड्डा धरेपर्यंत ठेवत नाही. लसूण राहू दे तुझी, ती जागा पण कमी खाते.

तुळशीने ढोबळीला चव येते असं त्या व्हिडिओत सांगितलं असेल, सगळेच सांगतात, त्यावर मी विश्वास ठेवत नाही. तुळशीच्या जातकुळीतल्या झाडांच्या वासाने काही किडी बिचकतात असे प्रयोग झालेत, आणि मंजिऱ्यांवर मधमाश्या येतात हे तर डोळ्यांनी दिसतं. पण त्यासाठी वाफ्यातच तुळस कशाला, कुंडीत ठेव, चार फुटांवरून पण मधमाशीला दिसते. पुदिना उपटून कुंडीत टाक, मुळं राहिली तर परत येईल, दोनतीनदा काढावा लागेल. बडीशेप तर मित्रच नाहीये, तिच्या शेजारी बऱ्याच भाज्या खुरटतात असा तिचा लौकिक आहे, तिला पार लांब एकटीला ठेव, फुलं मात्र येऊ दे. गाजराचं वाईट काही नाही पण ते काढताना ढोबळीची मुळं दुखावतात. दोन झाडांच्या मधोमध असतील तर तेवढी काढ, बाकीची हलव्याला होतील.

मग खरे सोबती कोण? माझ्या मते तीन-चार, आणि त्यातलं पहिलं नाव वाचून तू म्हणशील हे काय, कोथिंबीर! पण खुडून खायची नाही, फुलावर येऊ द्यायची. आपल्याला कोथिंबीर फुलली की वाटतं वाया गेली. पण त्या पांढऱ्या छत्र्यांवर सकाळी दहाच्या सुमारास बघ, पिवळे-काळे पट्टे असलेली एक बारीक माशी येते, दिसायला मधमाशीसारखी पण हवेत एका जागी खिळल्यासारखी थांबते. ती मध खायला कोथिंबिरीवर येते आणि अंडी मावा असेल तिथे घालते. मागच्या थंडीत मी ढोबळीच्या एका पानामागे तिची अळी बघत बसले होते, कुकरच्या तीन शिट्ट्या होऊन गेल्या तरी हलले नाही. फिकट हिरवी, पाय नसलेली, तांदळाच्या दाण्याएवढी, तोंडाकडे निमुळती. ती आंधळ्यासारखी डोकं इकडेतिकडे फिरवते, एखादा मावा लागला की त्याला टोचते, उचलून हवेत धरते आणि शोषून रिकामी सालटी टाकून देते, मग पुढचा. आणि आपण काय करतो, अळी दिसली की चिरडतो. तसंच ते ठिपकेवाले लाल किडे सगळ्यांना आवडतात, पण त्यांची पिल्लं काळपट, नारिंगी ठिपक्यांची, बारक्या मगरीसारखी दिसतात, ती मात्र लोक चपलेने मारतात. मुलाला ही मगर दाखव, पिझ्झा विसरेल.

दुसरी चवळी. चवळीवर काळा मावा हमखास येतो, हेच तिचं काम. मावा आला की त्याला खाणारे येतात, त्यांची वस्ती वाढते आणि मग ते ढोबळीवर पण गस्त घालतात. म्हणून चवळीवरचा मावा बघून घाबरून फवारायचं नाही, आठवडाभर दम धरायचा. मुंग्या मात्र चढू द्यायच्या नाहीत, त्या माव्याच्या गोड चिकटाच्या लोभाने राखण करतात आणि ठिपकेवाल्यांना हुसकावतात. दोन झाडं पुरेत, आणि ती वाफ्याच्या टोकाला, नाहीतर वेल ढोबळीच्या गळ्यात पडतो. आत्ता थंडीत मात्र लावू नकोस, चवळीला ऊब लागते, ते पुढच्या वर्षी पावसाळ्यात. आणि एक गैरसमज काढते, चवळी, मेथी, घेवडा हवेतला नत्र धरतात हे खरं, पण तो शेजारणीला वाटीत घालून देत नाहीत, मुळं मातीत कुजल्यावर मिळतो. म्हणून मेथी उपटायची नाही, कात्रीने कापायची, मुळं तशीच राहू द्यायची. मेथी हा माझा तिसरा सोबती, ढोबळीची रोपं लहान असताना मधल्या मोकळ्या जागेत टाकते, 25-30 दिवसांत भाजी होते, तोवर माती झाकलेली राहते आणि ढोबळी मोठी होईपर्यंत मेथी ताटातून पोटात गेलेली असते. पालक पण याच कामाचा, तुझा आहे तो राहू दे, बाहेरची पानं खुडत राहा.

चौथा मका, आणि हा फक्त पुढच्या वर्षीसाठी. ढोबळी लावायच्या 15-20 दिवस आधी उत्तरेच्या कडेला दोन ओळी दाट मका टाकायचा. उत्तरेला का, तर थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, मग मक्याची सावली ढोबळीवर पडत नाही. मिरचीच्या शेतात मक्याची किंवा ज्वारीची चहूबाजूंनी कड लावतात ती भिंत म्हणून, उडत आलेला मावा आणि पांढरी माशी आधी तिथे टेकते. माव्याचं तर असं आहे की काही विषाणू त्याच्या सोंडेच्या टोकालाच असतात, मक्यात दोनचार ठिकाणी सोंड खुपसली की ते तिथेच पुसले जातात. तुझ्या एका बाजूच्या ओळींनी शेतासारखा फरक पडणार नाही, पण शेजारचा प्लॉट मोकळा असेल आणि त्यात गाजर गवत माजलं असेल तर त्या बाजूला आडोसा हवाच, कारण पांढरी माशी, थ्रिप्स ही सगळी मंडळी त्या गवतावर मुक्कामाला असतात.

आता गळणाऱ्या फुलांचं. यात मित्रांचा दोष कमी आणि थंडीचा जास्त आहे. रात्रीचं तापमान 15-16 च्या खाली गेलं की ढोबळीची फुलं नीट धरत नाहीत, आणि दिवाळीनंतर निफाडचा पारा घसरला अशी बातमी यायला लागली की समजायचं आपल्याकडे पण ढोबळीला हुडहुडी भरलीये. उन्हाळ्यात उलट, 32-35 च्या वर गेलं की तेव्हा पण फुलं गळतात, अशी नाजूक बाई आहे ती. तू रोपं घटस्थापनेला लावलीस, पुढच्या वर्षी ऑगस्टच्या शेवटाला लाव, म्हणजे कडाक्याच्या थंडीआधी पहिला बहर बसून जाईल. आत्ता संध्याकाळी जुन्या साडीने किंवा शेडनेटने वाफा झाक आणि सकाळी उन्हं आली की काढ. आणि त्या दाटीत झाडाला ऊनच मिळत नव्हतं, त्याने पण फुलं गळतात. शेणखताच्या जोडीला युरिया वगैरे टाकत असशील तर बंद कर, नुसता पाला माजतो.

या रविवारी काय करायचं ते सांगते. नवऱ्याला हसू दे पण हातात खुरपं दे. टोमॅटो, पुदिना, बडीशेप, झेंडू, तुळस आणि ढोबळीला खेटलेलं सगळं काढा, झेंडू आणि तुळस कुंडीत लावता येतील, चार दिवस रुसतील. ढोबळीच्या बुडाशी वाळलेला पाला दोन बोटं जाड पसरा, खोडाला चिकटवू नका. शेंड्याला झुपका झालेली, डाग पडलेली झाडं विषाणूची, ती वाचत नाहीत, पिशवीत भरून टाका, 11 मधली तीनचार गेली तरी बाकीच्यांचं भलं होईल. उरलेल्यांच्या पानांवर खालून पाण्याचा जोरात फवारा मारा. थ्रिप्स असतील तर संध्याकाळी 1 लिटर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा साबणाचा फेस, आठवड्यातून एकदा, आणि निळे चिकट सापळे लाव, पिवळे पांढऱ्या माशीसाठी असतात. उलट्या होड्या असतील, म्हणजे माईट्स, तर पाण्यात मिसळणारं 80 टक्क्यांचं गंधक, 1 लिटरला 2 ग्रॅम. ते कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळेल, द्राक्षवाले भुरी रोगासाठी तेच मारतात. पण गंधक आणि निंबोळी तेल दोन्ही नाही, दोघांत किमान 15 दिवसांचं अंतर, नाहीतर पानं भाजतात. आणि फवारायच्या आधी पालक, पात खुडून घे, औषध ताटात नको.

राहता राहिली लवंगी. सासऱ्यांचं अर्धं बरोबर आहे. शेजारी लवंगी असली म्हणून या वर्षीची ढोबळी तिखट होत नाही, फळाचं अंग आईचंच असतं, परागकण कोणाचे का असेनात. पण त्या ढोबळीच्या बिया ठेवून पुढच्या वर्षी लावल्यास तर मात्र घोळ होईल, तिखटपणाचा गुण वरचढ असतो, ढोबळी तिखट नाही ती तो गुण नसल्यामुळे. शिवाय नर्सरीचं रोप बहुतेक संकरित असतं, बियांतून तसंच झाड येत नाहीच. म्हणून बी ठेवू नकोस. लवंगी भावकीतलीच आहे म्हणून तिला वाफ्यातून काढून कुंडीत लांब ठेव, पण टाकू नकोस, सासूबाईंना लागेल. ढोबळीने काही नजर उतरत नाही.

— मावशी